पडलेली गाडी

धाराशिव,
रविवार, २ फेब्रुवारी १९५८

प्रिय सिदू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. गाडी भंगारात देऊन टाक, असं लिहिलंस. बाकी म्हशीची चौकशी, माझ्या शाळेची चौकशी आणि सोलापुरात थंडी कमी झाल्याची बातमी. पत्र मी खाजामियाँ चाचांना अंगणातच वाचून दाखवलं. ते गाडीच्या दाराचा पत्रा ठोकत होते. हात थांबवून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि परत ठोकायला लागले. ठोकता ठोकता म्हणाले, "भंगारातूनच उचलली ना बेटी तिला. आता आणखी कुठं द्यायची?" तुझा उस्ताद तुझ्यावर चिडला आहे, एवढं मला कळलं. मी चिडले नाही. पण उत्तर लिहायला आज रविवार उजाडला.

गाडी पडल्यानंतर तू तिला पाहिलेलं नाहीस. घाटातल्या ओघळीतून बैल लावून तिला वर काढली आणि इथं आणून टाकली, तेव्हा माणसं बघायला यायची. टप बसून स्टिअरिंगला टेकला होता. डावं दार नव्हतंच. एक मडगार्ड चाकात घुसलेलं. मागच्या हौद्याच्या फळ्या फुटल्या होत्या आणि त्यांच्या फटींत खवा वाळून बसला होता, तू त्या दिवशी ईट गावाहून भरून आणलेला. त्याला मुंग्या लागल्या, त्या पाऊस पडेपर्यंत हटल्या नाहीत. बघायला आलेला माणूस आधी विचारायचा, ह्यातून तो जिवंत कसा निघाला. मग माझ्याकडं पाहून वाटेला लागायचा. शाळेतून आले की मी पदर खोचून फळ्या आणि काचा वेचायची. गाडी नीट करावी असं तेव्हा मनात नव्हतं. अंगण झाडायचं असतं, तेवढंच.

चाचा श्रावणात आले. मोतीबिंदू त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पिकला आहे, हाताला लागेल तेवढंच दिसतं. पत्र्यावरून तळहात फिरवत त्यांनी गाडीला एक फेरी घातली. मग खाली निजून बराच वेळ आतच राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "इंजन जिंदा है. चेसिस वाकलीय." मी विचारलं, सरळ होईल का. ते म्हणाले, बघू. तुला हे सगळं त्या त्या वेळी लिहिलं होतं, पण चेसिसचं अर्धंच लिहिलं होतं. लिंबाच्या बुंध्याला साखळी बांधली, वाकलेल्या जागेखाली कोळसे पेटवले, लोखंड लाल झालं की जॅक चढवायचा आणि थांबायचं, असं तीन रविवार चाललं. साखळीनं लिंबाची साल सोलून निघाली. सरळ आली, हे मी तुला लिहिलं. चाचा काय म्हणाले ते लिहिलं नाही. म्हणाले, "सीधी नै होती अब ये. डाव्या अंगाला ओढणार. जनमभर हात धरून चालवावी लागंल."

टपाचं काम आम्ही दोघांनी केलं. ते आत बसून लाकडी मोगरीनं ठोकायचे, मी बाहेरून वाळूची पिशवी दाबून धरायची. खोल गेलेल्या जागी मधोमध ठोका घालायचा नाही, हे मला नवीन होतं. तिथं जोर केला की पत्रा ताणतो, पातळ होतो आणि त्याला फुगा धरतो. तो फुगा मग कशानंही जात नाही. म्हणून कडेकडेनं यायचं, हलक्या हातानं, आणि मधलं आपोआप वर येण्याची वाट बघायची. ते आपोआप आलं नाही. उन्हात अजून टपावर लाटा दिसतात. मडगार्ड तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून केलं. डावं दार लातूरच्या भंगारातलं आहे, हिरवं. रंग द्यायचा राहू दिला. रेडिएटर झाळून घेतला. पुढची काच तसबिरी करणाऱ्यानं कापून दिली. त्यानं कापताना विचारलं, कुणाची तसबीर एवढी मोठी? मी म्हटलं, रस्त्याची. तो हसला. मलाही नंतर हसू आलं. असं क्वचित होतं म्हणून तुला कळवते.

तुला आठवतं का, पोलीस ॲक्शननंतर जहागीरदाराची ही पिकअप लिलावात घेऊन तू पहिल्यांदा दारात आणलीस, ते वर्ष माझं माहेरी परत येण्याचं होतं. मी घराबाहेर पडत नव्हते. तू मला पुढं बसवून तुळजापूरला नेलंस. मोकळ्या कपाळाची बाई मोटारीत पुढं बसलेली पाहून पेठेतली माणसं उठून उभी राहिली. तू म्हणालास, "बघू दे. मधी काच हाय." गावाबाहेर आल्यावर गिअरचा दांडा माझ्या हातात दिलास. "अक्का, मी क्लच दाबतो, टाक म्हटलं की तू टाक." मी टाकला. गाडी ओरडली, तू खदाखदा हसलास आणि परत म्हणालास, टाक. तुळजापूर येईपर्यंत तेच चाललं. देवीला काय मागितलं ते आठवत नाही. तो दांडा हाताला थरथरत होता, ते आठवतं.

म्हणून तुझ्या पत्रांत क्लचची चौकशी असायची, त्याचं मला कधी नवल वाटलं नाही. पहिल्या पत्रापासून प्रत्येक पत्राची शेवटची ओळ तीच. क्लचप्लेट आली का. चाचांना सांग, जुनं अस्तर ठोकू नका. पेडल किती खाली जातं, बोटांनी मोजून कळव. चाचा हसायचे. "पडल्या पडल्या पोरगा क्लच दाबतोय," म्हणायचे. क्लच मार्गशीर्षात बसला. बसवताना चाचा गाडीखाली आणि मी सीटवर. ते खालून ओरडायचे, "दबाव!" मी दाबायची. "छोड! आहिस्ता, आहिस्ता, मास्तरीणबाई, पोरींच्या पाठीत धपाटा नाही घालायचा." पाच-सहा संध्याकाळी हेच. चाचांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं. माझ्या पायाला मात्र ती जागा कळली, जिथं पेडल अर्ध्यावर येतं आणि गाडी अंग हलवते. तुला मी लगेच कळवलं की क्लच बसला, छान बसला. त्याला तुझं उत्तर आलं. त्यात क्लचचं नाव नव्हतं. पुढच्या पत्रातही नव्हतं. मग हे मंगळवारचं आलं.

गाडी सुरू झाली त्याला आता महिना होत आला. हँडल मारायला दोन माणसं लागतात. धूर फार आहे. इंजिनाच्या एका बाजूला बारीक चीर निघाली, तिला चाचांनी पट्टी ठोकली आहे. ती किती टिकेल असं मी विचारलं. एक घाट उतरेल आणि चढेल, म्हणाले. त्यापुढचं सांगता येत नाही. मी स्टँडवर ड्रायव्हर बघायला गेले. तुझ्या ओळखीचेच सगळे. रामकिसननं चहा मागवला, तुझी चौकशी केली, डोळे पुसले आणि म्हणाला, "अक्का, दुसरी कुठली बी गाडी द्या, फुकट नेतो. ही पडलेली गाडी हाय. एकदा ड्रायव्हर खाल्लाय तिनं." त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तूही दुसऱ्याच्या पडलेल्या गाडीला हात लावत नव्हतास. म्हणून मग मीच. सकाळी, शाळेच्या आधी, माळावर. चाचा शेजारी बसतात. त्यांना रस्ता दिसत नाही आणि मला गाडी कळत नाही. ते कानानं ऐकून सांगतात, मी डोळ्यांनी बघून करते. सीटमागं उशी आहे, नाहीतर पाय पोचत नाही. गाडी डावीकडं ओढते, तशी मी उजवीकडं धरून ठेवते. खांदा दुखतो. दुसऱ्याच आठवड्यात पेठेत बोलणं सुरू झालं होतं की मास्तरीणबाई आता खवा विकणार. शाळेच्या मोठ्या बाईंनी मला बोलावून विचारलं, हे शोभतं का. मी म्हटलं, नाही शोभत.

बिराप्पा येऊन गेला. घाटातला मेंढपाळ, तुला पाठीवर घेऊन वर सडकेला आला तो. दर अमावस्येला येतो, उंबऱ्याच्या आत येत नाही. या खेपेला त्यानं जेन आणलं, मेंढीच्या लोकरीचं, नवं, दोन बोटं जाड. मी म्हटलं, हे एवढं महागाचं कशाला. तो म्हणाला, "मेंढरं माजी व्हती, बाई. त्यानं गाडी वळवली म्हून एक बी मेलं न्हाय. एक तरी मराया पायजे व्हतं. मला झोप येत न्हाय." मी जेन ठेवून घेतलं. त्याला भाकरी दिली, ती त्यानं बाहेर लिंबाखाली बसून खाल्ली. गाडीकडं पाठ करून.

हौदा गुरुसिद्धप्पा सुतारानं केला. बाभळीची फळी, कडेच्या पट्ट्या नेहमीपेक्षा ठेंगण्या. त्यानं लांबी विचारली तेव्हा मी तुझी बाज अंगणात आणून ठेवली आणि म्हटलं, ह्याच्यावर माप घ्या. त्यानं माप घेतलं, पेन्सिल कानावर ठेवली. "खव्याच्या पाट्यांना एवढी लांबी कशाला, अक्का? एवढा लांब माल कुठला?" मी म्हटलं, घरचाच आहे. फळ्यांची तोंडं त्यानं अशी घासली आहेत की बोटाला सांधा लागत नाही. खव्याच्या गाडीला असं कुणी करत नाही.

तेव्हा सिदू, आता लिहिते. दिवाळीत डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात नेऊन सांगितलं की तू पुन्हा उभा राहणार नाहीस. तुला सांगायचं कुणी, हे ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. मी आत आले तर तू म्हणालास, पायाला मुंग्या येतात आताशा. मी म्हटलं, येणारच. पुढं तू क्लचचं विचारत राहिलास आणि मी कळवत राहिले. तू विचारणं सोडलंस तेव्हा मला समजलं, तुझं तुला कळलं आहे. संक्रांतीला डॉक्टर म्हणाले की पाठीच्या जखमा भरत नाहीत, इथं करण्यासारखं आता काही राहिलं नाही, घरी न्या. घरी त्या भरतील असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणत नाही. एसटीत तुला बसवता येणार नाही. रेल्वेनं आणायचं तर कुर्डूवाडीला गाडी बदलताना तुला पोत्यासारखं उचलावं लागेल आणि येडशीहून पुढं बैलगाडी. म्हणून ही गाडी भंगारात देता आली नाही. ती एवढ्या एका फेरीसाठी केली आहे. येत्या शनिवारी सकाळी मी आणि चाचा येतो. हौद्यात जेन आहे, त्यावर गादी. परत आल्यावर ती लिंबाखाली उभी राहील आणि तू खिडकीशी असशील. पुढं काय, ते मला सुचलेलं नाही. येताना घाट चढायचा आहे. तू उताणा असशील, तुला सडक दिसणार नाही, नुसतं आभाळ. तुझं वळण आलं की मी सांगणार नाही, पण तुला कळेल. तिथं गिअर बदलावा लागतो आणि मला अजून त्याची वेळ साधत नाही. चाचा मागच्या खिडकीला काच बसवत होते, ती मी बसवू दिली नाही. तुझा आवाज पुढं आला पाहिजे. क्लच मी दाबीन. टाक, एवढं तू म्हण.

तुझीच,
अक्का