दीड तासाचं नागपूर

आदरणीय भिमाताईस,

बुवापाडा, अंबरनाथहून धाकट्या रामभाऊचा हात जोडून जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? थंडीत तेल चोळतेस ना? माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. नऊ दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तुझ्या मैत्रेयीच्या लग्नाला तुझी भावजय गोदू आणि आमचा पोरगा सम्यक आधीच गाडीने आले. मी मात्र अडून बसलो. बारा-तेरा तास कोण बसणार? मुंबई-नागपूर हवेतून जेमतेम सातशे किलोमीटर, दीड तासात खेळ खलास! (हे मी टपरीवर इतक्यांदा सांगितलं की चहावाला मला पायलटसाहेब म्हणायला लागला.) नवरीची पांढरी साडी मामाकडची, म्हणून ती उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये घेतली. तिथल्या सिंधी दुकानदारालाही ऐकवलं, पावणेदहाला उडणार, सव्वाअकराला उतरणार, साडेबाराला लग्न. तो बिचारा एवढंच म्हणाला, "साईं, टाइम पे निकलना."

सम्यकनेही बजावलं होतं, दोन तास आधी पोचा. पण ताई, चौतीस वर्षं फॅक्टरीत कार्ड पंच केलेला माणूस मी. भोंग्याआधी दहा मिनिटं गेटवर हजर, एकदाही लेट मार्क नाही. (निवृत्तीला त्याबद्दल घड्याळ मिळालं होतं. सध्या ते भिंतीकडे तोंड करून आहे.) अंबरनाथहून विमानतळापर्यंत टॅक्सीलाच अडीच तास लागले, तरी नऊ पस्तीसला मी छाती काढून काउंटरवर. पोरगी म्हणाली, "काका, गेट बंद झालं." मी म्हटलं, "अगं, अजून दहा मिनिटं आहेत, भोंगा कुठे झालाय?" तिने माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं. बोंबला! चौतीस वर्षांची शिस्त तिथेच धुळीला मिळाली.

घरी कुठल्या तोंडाने जाणार? अख्ख्या गल्लीने हार घालून निरोप दिलेला. मग बदलापूरला हरिचंद्रकडे (फॅक्टरीतला माझा जोडीदार) दोन दिवस लपलो. परत आल्यावर गल्लीत ढगांचं वर्णनसुद्धा केलं, कसे पिंजलेल्या कापसासारखे दिसतात म्हणून. (हरिचंद्रच्या गच्चीवरून, खालून पाहिले होते.)

पण लग्नाच्या दिवशी संध्याकाळी सम्यकने फोटो पाठवला. मैत्रेयीच्या अंगावर तुझ्याच लग्नातली साडी, काठाला पिवळी पडलेली. आणि मामाची नवी साडी माझ्या मांडीवर, पिशवीत. ताई, हरिचंद्रसमोर ढसाढसा रडलो गं. तुझा राग खरा आहे. माझंच चुकलं.

तुझा न उडालेला भाऊ,
रामभाऊ

ता. क. गोदू रविवारी निघतेय, तिच्याबरोबर संत्रा बर्फीचा एक डबा पाठव. गल्ली रोज विचारतेय. आणि विमानाबद्दल तिने इथे अवाक्षर काढू नये, एवढं तिला सांग.

ता. क. २. बर्फी राहू दे. पत्र पाकिटात घालायच्या आधी टपरीवर सगळं खरं सांगून टाकलं. चहावाला म्हणाला, सम्यकने लग्नाच्याच दिवशी गल्लीच्या ग्रुपवर विमान चुकल्याचं टाकलं होतं, पण तुम्ही ढगांचं इतकं छान सांगत होता की कोणाला तुमचं मन मोडवेना.

ता. क. ३. गोदूला थांबवून घे. शनिवारी साडी घेऊन मी गाडीने येतोय. गाडी रात्रीची आहे, मी दुपारीच कल्याणला जाऊन बसणार. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस. फक्त दार उघड.