गोरख येईपर्यंत

खडकमाळ, ता. पारनेर
२० ऑक्टोबर १९७१

चि. गोरख यास मुक्ताअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझे पत्र पोचले. पाकिटावर नुसते ‘मुक्ताबाई’ लिहिलेस. आता ‘सौ.’ लिहिता येत नाही आणि ‘गं. भा.’ लिहायला तुझा हात धजला नाही, हे मी ओळखले. बरे केलेस.

यांना जाऊन दोन महिने झाले. मी अजून माजघराच्या कोपऱ्यातच बसते. माहेरच्या माणसाने हाताला धरून उठवावे, देवळात नेऊन आणावे, मगच कोपरा सुटायचा. आईदादांच्या मागे माहेरचा असा तू एकटाच. ‘मी येतो, तोवर उंबरा ओलांडू नकोस,’ हे तुझे वाक्य मी सासूबाईंना दोनदा वाचून दाखवले. त्या म्हणतात, तुझा भाऊ लहानपणी जेवायलासुद्धा दहा हाकांनी यायचा, आता पलटणीतून एका हाकेत कसा येईल! पण दुपारची एस.टी. आली की त्या स्वतःच ओट्यावर जाऊन बघून येतात.

दूध सोसायटीच्या संचालकांच्या दोन बैठका माझ्याविना झाल्या. दुधाचे माप दाराबाहेर, बायांच्या डोळ्यांसमोर व्हावे म्हणून बायांनी मला निवडून दिले होते. तिथे दूध घेणारा छगन सांगत होता, माप पुन्हा आत गेले. जीव तळमळतो रे. लवकर ये.

दाराकडे डोळे लावून बसलेली,
तुझी अक्का

---

मार्फत ५६ ए. पी. ओ.
८ नोव्हेंबर १९७१

ति. अक्का हिचे चरणी गोरखचा शि. सा. न. वि. वि. रजेच्या कागदावर सही झाली होती. तुझ्यासाठी घेतलेले पातळ ट्रंकेत घातले, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. कारण लिहिता येत नाही, तू समजून घे.

इथे संध्याकाळी गार वारा सुटला की मळ्यातला हुरडा आठवतो. तू आगटीपुढे बसून कणसे चोळायचीस, आणि फुंकर मारून पहिली मूठ मला द्यायचीस. तुझे काळे झालेले तळवे दिसतात आणि डोळे भरून येतात. हे कोणाला सांगू नकोस, हवालदार झालो आहे मी आता.

थोडी कळ काढ. मीच येऊन उठवीन. सासूबाईंना म्हणावे, या वेळी अकरावी हाक लागणार नाही. त्यांना नमस्कार.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
गोरख

---

खडकमाळ
२६ नोव्हेंबर १९७१

चि. गोरख यास अनेक आशीर्वाद. वि. वि. एक वाईट बातमी आहे, पण तू जिवाला लावून घेऊ नकोस.

मला संचालक मंडळातून काढले. लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर, या बाईला कामाची गोडी उरलेली नाही, असे अध्यक्ष पुंजाराम बोलले आणि ठराव झाला. मला छगनने खिडकीतून सांगितले. ना नोटीस, ना निरोप. सोसायटीची खोली आमच्या दारापासून चाळीस पावलांवर आहे. मी का बसून आहे हे साऱ्या गावाला ठाऊक. पुंजाराम तर स्वतः यांच्या दहाव्याला आले होते. म्हणूनच मलाही चिठ्ठी पाठवायचे सुचले नाही. ठाऊक असलेली गोष्ट काय लिहायची, असे वाटले.

खुर्ची गेल्याचे एवढे नाही. पण अडीचशे बायांनी निवडलेल्या माणसाला एका शब्दाने कोणी विचारू नये, याचे रडू आले. तू जवळ असतास तर तुझ्यापाशी रडले असते. लढाईच्या बातम्या ऐकून सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले आहेत. चार ओळी टाक.

काळजीत बुडालेली,
अक्का

---

लष्करी इस्पितळ
२ जानेवारी १९७२

ति. अक्का हिचे चरणी शि. सा. न. वि. वि. लढाई थांबली, मी सुखरूप आहे. डाव्या पायाला प्लास्टर आहे, एवढेच. पण दोन-तीन महिने तरी गावी येता येणार नाही.

अक्का, चूक माझी. तू शब्द पाळलास, आणि त्यापायी तुझी जागा गेली. आमच्याकडे हजेरीला झोपून राहिलेल्या जवानालासुद्धा साहेबापुढे उभे करतात आणि आधी विचारतात, तुला काय सांगायचे आहे. मग शिक्षा. तुला तेवढेही मिळू नये?

नगरला सोसायट्यांच्या रजिस्ट्रारची कचेरी आहे, तिथे अर्ज कर. न विचारता काढले, एवढेच लिही. बोलावणे आले की माझी वाट पाहू नकोस. हे पत्र हातात धर आणि ऊठ. अक्षर माझे आहे, हातही माझाच समज.

पाठीशी असलेला,
गोरख

---

खडकमाळ
२४ फेब्रुवारी १९७२

चि. गोरख यास अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझ्या पायाला आता उतार असेल.

माझा अर्ज वाचून कचेरीने ठराव रद्द केला. बाईला आधी नोटीस द्या, तिचे ऐका, मग काय ते ठरवा, असे सोसायटीला कळवले. परवा बैठक झाली. सासूबाईंनी तुझे पत्र माझ्या मुठीत दिले आणि उंबऱ्यापर्यंत आल्या. चाळीस पावलांत मी दोनदा थांबले. सहा महिन्यांनी ऊन अंगावर आले होते.

पुंजारामांनी विचारले, का आला नाहीत. बोलण्याची तयारी केली होती ती सगळी विसरले. एवढेच म्हणाले, “भावाची वाट बघत हुते. तुमाला ठावं हुतं. येकदा दाराशी येऊन इचारलं असतं, तर आतूनच सांगितलं असतं.”

 मग संचालकांतले थोरले कारभारीअण्णा खाली बघत म्हणाले, “व्हय बाई, चुकलं आमचं.” पुंजारामांनी ठराव पुन्हा मताला टाकला. मला काढायला एकही हात वर झाला नाही. दुसऱ्या सकाळी माप दाराबाहेर आले. बाया खिडकीशी येऊन सांगून गेल्या.

खिडकीशी म्हणजे काय, ते तुला कळले असेल. बैठकीहून आले, तुझे पत्र देव्हाऱ्यात ठेवले आणि पुन्हा कोपऱ्यात बसले. सासूबाई म्हणाल्या, आता बाहेर जाऊन आलीस, सुटला कोपरा. मी म्हटले, बैठकीला पत्राने नेले, महिन्याच्या महिन्याला नेईल. देवळात मात्र गोरखबरोबरच जाईन.

लंगडत आलास तरी चालेल. मी हाताला धरीन.

तोवर इथेच आहे,
तुझी अक्का