आमच्या छावणीतला कुत्रतोंड्या

आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. ते अजून धडावरच आहे, काळजी करू नकोस.

शत्रू आपल्या लोंबार्ड लोकांच्या चौपट आहेत. म्हणून सरदार गुंदोआल्डने आवई उठवली, की आमच्यात कुत्र्याच्या तोंडाचे, रक्त पिणारे योद्धे आहेत. मग माझ्या अंगावर लांडग्याचं कातडं टाकून म्हणाला, “भुंक रे!” लहानपणी भुंकायचो म्हणून बडवायचीस ना? काल त्याच भुंकण्याने त्यांचे घोडे उधळले. मला भालाही उचलावा लागला नाही.

दाढी छान वाढलीय. धाकटीचं लग्न ठरलं का?

आता मी खरंच कुत्रतोंड्या आहे का, याची खात्री करायला शत्रू पौर्णिमेला माझ्यासमोर शिकारी कुत्रा सोडणार आहेत. आपला कुत्रा ग्रिमो अनोळखी कुत्र्याला आधी कुठे चावतो, तेवढं लगेच कळव.

तुझाच,
अन्सुल्फ