मित्सुए ओसाकाला येणार नाही

आदरणीय शिगेनोताई यांस तोकुजीचा सविनय नमस्कार.

आपला गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी आणि डोंगर. दोघांत डोंगराची प्रकृती अधिक ठणठणीत आहे. या महिन्यात तो अकरा वेळा फुटला (मी फक्त दोनदा शिंकलो).

मित्सुएच्या अस्थी ओसाकाला हलवण्याचा अर्ज आपण पाठवलात, तो पोचला. सोबतचं माहितीपत्रकही वाचलं. नऊ मजली इमारत, बटण दाबलं की कलश लिफ्टने खाली येतो, धुळीचा कण नाही, सगळं उत्तम आहे. पण अर्जावर सहीच्या जागी नवऱ्याचा शिक्का लागतो, आणि तो मी मारणार नाही. आपण लिहिलंत की बहिणीने अडतीस वर्षं त्या ज्वालामुखीखालच्या गावाची राख झाडली, आता गेल्यावर तरी तिला स्वच्छ जागी राहू द्या. झाडली हे खरं. पण झाडताना ती रोज सकाळी डोंगराकडे बघून काय म्हणायची, हे आपल्याला ठाऊक नाही. "उठलास का मेल्या? आजही माझ्याच वाळत घातलेल्या चादरी दिसल्या तुला?" मग राखेसाठी नगरपालिका देते ती पिवळी पिशवी भरून कोपऱ्यावर ठेवायची आणि दिवसभर खुशीत असायची. माझ्याशी ती इतक्या मनापासून कधी भांडली नाही (मी उत्तर देत नाही म्हणून असेल, डोंगर देतो). ओसाकाच्या त्या इमारतीत तिने भांडायचं कुणाशी? लिफ्टशी?

आता रेशमी फुलांविषयी. रोज ताजी फुलं नेणं मला झेपणार नाही म्हणून आपण ती पाठवलीत, आणि आपला मान राखायचा म्हणून मी ती थडग्यापुढे ठेवली. या गावात माणूस स्वतः शिळं खाईल, पण थडग्यावर शिळं फूल ठेवणार नाही. शेजारच्या थडग्यावर त्सुरुआजी येतात (वय चौऱ्याऐंशी, नवरा जाऊन तीस वर्षं, एक दिवस चुकलेला नाही). त्यांनी वाकून फुलांचा वास घेतला आणि थडग्यांजवळच्या नळावर पाणी भरणाऱ्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "तोकुजी, बायको तरी खरी होती ना रे तुझी?" दुपारी डोंगराने राख टाकली. इथल्या सगळ्या थडग्यांसारखं मित्सुएच्या थडग्यावरही छप्पर आहे, पण वाऱ्याने राख आत येतेच. ताजी फुलं असती तर फेकली असती. ही महागाची, शिवाय आपण दिलेली, म्हणून नळाखाली धुतली आणि ओलीच परत ठेवली. त्यांचा रंग उतरला तो थेट दगडावर. मित्सुएच्या नावापासून खालपर्यंत गुलाबी ओघळ आले आहेत. तीन दिवस मी दात घासायच्या ब्रशने दगड घासतो आहे आणि लोक वाट वाकडी करून बघायला येत आहेत. "राहू दे रे," त्सुरुआजी म्हणाल्या, "लाली लावल्यासारखी दिसते. जिवंतपणी कधी आणून दिली होतीस का?" बायका हसल्या. मीही हसलो. ती गेल्यानंतरच्या आठ महिन्यांत पहिल्यांदाच.

तेव्हा ताई, रागवा, वकील पाठवा, स्वतः येऊन मला चार लोकांत बोला. मित्सुए इथेच राहील, आणि तिच्या शेजारची जागा माझी आहे. डोंगराने रोज राख टाकावी, मी रोज झाडीन आणि रोज ताजी फुलं नेईन. बघू आधी कोण दमतं ते.

गुडघ्याला जपावं.

आपला (ही एक गोष्ट सोडून) आज्ञाधारक,
तोकुजी हामासाकी

ता. क. : कोरा अर्ज सोबत परत पाठवत आहे.

आणखी एक ता. क. : आज फुलवालीने विचारलं, "तुमच्या बायकोला कोणती आवडायची?" मला सांगता येईना. अडतीस वर्षं घरात फुलं तीच आणायची, आणि मी भांड्यात पाणी आहे की नाही एवढंच बघायचो. मागे लोक खोळंबले होते, म्हणून हाताला लागली ती पिवळी शेवंती घेऊन आलो. आपण तिची थोरली बहीण, आपल्याला ठाऊक असेल. उलट टपाली कळवावं. फार राग आला असेल तर बाकी काही लिहू नये. फुलाचं नाव तेवढं लिहावं.