कॅसेट क्रमांक नऊ आणि इतर मालमत्ता

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय शिकवणे, सध्या निवृत्त, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरने आज सकाळीच दिला. त्यासाठी त्याने मला जीभ बाहेर काढायला लावली. पस्तीस वर्षांपूर्वी इंग्रजी उच्चार शिकवताना मी त्याला रोज हेच करायला लावत होते, तेव्हा फिट्टंफाट झाली.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. भावजयीला तोंडी काही कबूल केले असल्यास ते रद्द समजावे.

अंमलबजावणी माझ्या भाच्याने करावी. तो वकील आहे आणि मला आत्या म्हणतो, म्हणजे फी मागणार नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे तो सांगतो. डॉक्टर साक्षीदार आहे, म्हणून त्याला काही नाही. त्याने माझी बिस्किटे आधीच पुष्कळ खाल्ली आहेत.

कलम १. इस्त्रीच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या भाच्याला द्याव्यात. अट एकच. खालून येणाऱ्या वाफेवरून दुकानदाराशी भांडू नये. मी तीस वर्षे भांडून हरले आहे, आणि थंडीत ती वाफ बरी वाटते.

कलम २. लोखंडी कपाट भावजयीला. दर खेपेला ती त्याच्या दारावरून हात फिरवून म्हणते, "वन्सं, असं कपाट हल्ली मिळत नाही हो." मिळत नाही हे खरेच आहे. ते उघडतही नाही. बारा वर्षांपूर्वी कुलूप बिघडले तेव्हापासून बंद आहे, आणि आत काय आहे ते मला आठवत नाही. जे निघेल ते तिचे.

कलम ३. खेळण्यांची पेटी धाकट्या भावाला, टेपरेकॉर्डरसह. चारचौघांत तो सांगत आला आहे की आमची ताई शाळेत मुलांशी खेळते आणि वर पगार घेते. त्यात खोटे काही नाही. परक्या मुलखातून आलेली, इंग्रजीचे अक्षरही न येणारी मुले आमच्या शाळेत भर वर्गात आणून बसवली जात. रोज दोन तास ती माझ्या खोलीत येत. खोली म्हणजे जिन्याखालची, झाडू-बादल्यांच्या शेजारची. तिथे आम्ही दुकान मांडायचो, भांडायचो, प्लास्टिकचे केळे कानाला लावून एकमेकांना फोन करायचो, आणि त्यातून इंग्रजी यायची. ते केळे आता भावाने कानाला लावावे. मी पलीकडे नसेन, पण त्याला ऐकून घ्यायची सवय कधीच नव्हती, त्यामुळे फरक पडणार नाही.

कलम ४. जुन्या हेडमास्तरांना त्यांनीच माझ्या वर्गाबद्दल लिहिलेला शेरा चौकटीसकट द्यावा. "मुले हसत होती. सुधारणा आवश्यक." ही चौकट माझ्या भिंतीवर अकरा वर्षे आहे. मी सुधारले नाही, हेही त्यांना सांगावे.

कलम ५. तिपाई स्टूल. हे मी निवृत्त होताना शाळेतून उचलून आणले, याला चोरी म्हणतात हे मला ठाऊक आहे. माझ्या पश्चात ते जिन्याखालच्या खोलीत आता शिकवणाऱ्या बाईंना परत द्यावे, पण नियमासकट. नवीन मूल स्टुलावर बसले असेल तोवर त्याला कोणी काहीही विचारायचे नाही. नाव नाही, रंग नाही, काही नाही. ऐकू द्यायचे. आपण होऊन उठेल तेव्हा उठेल. डॉक्टर त्यावर पाच महिने बसला होता. वर्गशिक्षक म्हणाले, मूल गेलं हातचं. मग एके सकाळी तो स्वच्छ इंग्रजीत मला म्हणाला, "बाई, तुमचा चहा गार होतोय." मी गार चहा तसाच प्यायले आणि घरी येऊन रडले.

कलम ६. कॅसेटी, उरलेल्या अडतीस. या हेडमास्तरांमुळे जमल्या. मूल बोलत नाही म्हणजे डोक्याने कमी, असा त्यांचा हिशेब, आणि असे मूल सरळ मागच्या तुकडीत जाई. म्हणून मी पहिल्याच दिवशी आईला आणि मुलाला समोरासमोर बसवून त्यांच्या भाषेत दहा मिनिटे बोलायला सांगायची. ते टेप करायची आणि हेडमास्तरांच्या टेबलावर लावायची. म्हणायची, "ऐका. भाषा आहे. फक्त तुमची नाही." सदतीस कॅसेटी ज्याच्या त्याला पोचवाव्यात. पत्ते वहीत आहेत. डॉक्टरसारखे बरेच जण आपली केव्हाच घेऊन गेले.

कलम ७. कॅसेट क्रमांक नऊ. ही टकळीची. हे नाव मी ठेवलेले. सात वर्षांची होती आणि तोंडाला विसावा नव्हता. कॅसेट संपली तरी ती आईशी बोलतच होती. तिची आई कपडे शिवायची, माझ्याच वयाची. महिन्याभराने ती मोडक्या इंग्रजीत विचारायला आली, लेक लवकर शिकावी म्हणून घरी काय करू? मी तेव्हा तीन वर्षांची मास्तरीण, म्हणजे मला सगळे येत होते. मी म्हणाले, "घरी तुमची भाषा बंद करा. फक्त इंग्रजी."

तिने ऐकले. एकही दिवस मोडला नाही. तिला येणारे इंग्रजी म्हणजे ये, जेव, झोप, अभ्यास कर. तेवढ्यावर त्या घराने वर्षे काढली. लेकीला इंग्रजीत बक्षीस मिळाले त्या दिवशी दोघी सभागृहात माझ्याशेजारी उभ्या होत्या. आई न राहवून लेकीला आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली, तर लेक माझ्याकडे वळली. "बाई, आईला जरा विचारा ना, ती काय म्हणतेय. मला कळत नाही."

त्यानंतर आलेल्या प्रत्येक आईला मी बजावले की घरी आपल्याच भाषेत बोला, रागवा, गोष्टी सांगा, इंग्रजीचं मी बघते. शंभरेक आयांना सांगितले असेल. तिला मात्र सांगितले नाही. चूक झाली म्हणायला माझी जीभ उचलली नाही, आणि दरवर्षी ती जास्तच जड झाली.

तरी माझ्या मृत्यूनंतर ही कॅसेट भाच्याने टकळीला द्यावी, आणि बाईंचे चुकले असे सांगावे. मी तेव्हा नसेन, ही या व्यवस्थेतली मोठी सोय.

(कलम ७ खोडले आहे. कारण पुरवणीत. सही केली आहे.)

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. मसुदा वाचून भाचा म्हणाला, "आत्या, हे कलम म्हणजे पळवाट आहे. त्या कॅसेटवर काय आहे ते टकळीला कळणार का?"

"आई सांगेल ना तिची."

"आई तुझ्याच वयाची आहे. आधी तू जाशील, असं लिहून दिलंय का कुणी?"

 मग त्याने शांतपणे सांगितले की दुसरा साक्षीदार मिळाला आहे. टकळी आता शाळेवरून जाणारी बस चालवते, तिला विचारले, ती चार वाजता येते आहे, आईला घेऊन. मी म्हणाले, "अरे, पण ती साक्षीदार झाली तर तिला काही देता येणार नाही." तो म्हणाला, "मृत्युपत्रातून नाही. हाताने देता येतं." हा गुण त्याच्या आईकडून, म्हणजे भावजयीकडून आलेला दिसतो. तिचे कपाट कायम ठेवते.

चार वाजता दोघी आल्या. मी चहा ठेवला, आणि पाणी उकळायच्या आत सगळे सांगून टाकले. टकळी ऐकत राहिली. तिची आई म्हणाली, "एवढी वर्षं का नाही सांगितलं? मला वाटायचं, बाई सांगतात म्हणजे बरोबरच असणार." मी म्हणाले, "लाज वाटली." ती म्हणाली, "मला राग आलाय. साखर दोन चमचे."

मग कॅसेट लावली. आधी खरखर, मग एक सात वर्षांची पोर, दम न घेता. टकळी टेबलाची कड धरून बसली होती. "ही मी?" तिने विचारले. "मी काय बोलतेय?"

आई हसायला लागली होती. तिने एकेक वाक्य थांबवून सांगितले. "तू म्हणतेयस, बाईंचा चष्मा डोक्यावर आहे आणि त्या तो शोधतायत. तू विचारतेयस, ही बाई मारते का. मी म्हणतेय, नाही, चांगली आहे. ती सांगेल तसं करायचं."

 टकळीने कॅसेट मागे फिरवून पुन्हा लावली, आणि या वेळी आईच्या मागोमाग ते वाक्य म्हणून पाहिले. आईने सुधारले. तिने पुन्हा म्हटले. चहा सगळ्यांचाच गार झाला.

कॅसेट क्रमांक नऊ आज हातोहात दिली, ती मालमत्तेतून वजा करावी. टेपरेकॉर्डरही तिच्यासोबत गेला. भावाने केळ्यावर समाधान मानावे.

वरील सर्व मी वाचले आहे, मला मान्य आहे, आणि यात आता लपवलेले काही उरलेले नाही.

स्थळ: माझ्या स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: शाळांना सुट्टी लागायच्या आधीचा बुधवार.

सही: बाई

साक्षीदार १: डॉक्टर. सही वाचता येत नाही, हस्ताक्षर मी शिकवलेले नाही.

साक्षीदार २: टकळी, बसचालक. सही तिच्या आईच्या लिपीत, आयुष्यात प्रथमच. आई शेजारी उभी राहून एकेक अक्षर बोटाने टेबलावर काढून दाखवत होती. बराच वेळ लागला. ती स्टुलावर बसली होती, म्हणून आम्ही कोणी काही विचारले नाही.