सात नंबर, रुंद पाऊल

३ ऑगस्ट १९९७, रविवार. माउंट वेलिंग्टन, ऑकलंड.
मिरजेहून कांचनचं पत्र. वडिलांची, म्हणजे नानांची, पंचाहत्तरी २३ नोव्हेंबरला, 'गुरूदादा, तू यायलाच हवंस.' धाकटी बहीण, पण हुकूम सोडते. सोबत एक घडी घातलेला कागद. नानांनी त्यावर उभं राहून पेन्सिलीनं दोन्ही पावलं काढून घेतलीत. खाली त्यांच्या अक्षरात : 'बाकी काही आणू नये. चालायला मऊ बूट आणावेत. सात नंबर, रुंद. उजवा अंगठा बाहेर आहे.'
निश्चय : जायचं म्हणजे जायचं. त्याआधी रजिस्ट्रेशनची परीक्षा पास. एकतीस नातेवाइकांना भेटवस्तू. नानांना ऑकलंडमधले सर्वोत्तम बूट, मात्र आमच्या दुकानातले नाहीत.
वसुंधरानं विचारलं, आपल्या का नाहीत? बायकोला तत्त्व कळत नाही.

१० ऑगस्ट.
तत्त्व लिहून ठेवतो. मी डॉक्टर आहे. मिरजेत सात वर्षं प्रॅक्टिस केली. इथली परीक्षा दोनदा हुकली, तीही पेपर विचित्र काढतात म्हणून. तेवढ्यापुरता विमानतळाच्या वाटेवरच्या आउटलेट सेंटरमध्ये बुटांच्या दुकानात उभा असतो. तेवढ्यापुरता म्हणजे अडीच वर्षं. मिरजेत सगळे समजतात मी हॉस्पिटलात आहे. हे काही खोटं नाही. वसुंधरा तिथं नर्स आहे, तिला सोडायला मी रोज जातो.
आता, आमच्या बुटांवर दुकानाचं नाव असतं. खोक्यावर आणि तळव्यावरही. नाना चाळीस वर्षं कंपाउंडर होते. लेबल वाचल्याशिवाय बाटलीला हात लावत नाहीत.

१६ ऑगस्ट, शनिवार.
कोरियन पर्यटकांच्या चार बस. विमानाला दोन तास उरलेत आणि माणसं अशी बूट घेतात की जणू पुढच्या देशात अनवाणीच फिरायचंय. गुडघा दुखतो. एका बाईंच्या टाचेला भेग होती, मलम सांगितलं. म्हणजे प्रॅक्टिस सुटलेली नाही. मॅनेजर ट्रेसी (वय चोवीस) म्हणाली, मी लेजंड आहे.
अभ्यास उद्यापासून.

७ सप्टेंबर, रविवार.
कागद घेऊन न्यू लिनचा मॉल. सहा दुकानं. सगळीकडे बूट अरुंद. एका सेल्समननं माप न घेताच आठ नंबर पुढे केला. धंद्याची लाज वाटली. त्यांच्या धंद्याची. मुग्धा कंटाळली. आठ वर्षांची झाली, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. 'बाबा, युअर शॉप हॅज हीप्स.' म्हणजे ढीगभर. दुर्लक्ष केलं.

२१ सप्टेंबर, रविवार.
अल्बनी. पुलापलीकडे, जाण्यातच तास मोडला. बूट मिळाला! मऊ, रुंद, नानांच्या अंगठ्याला जागा. उलटा करून पाहिला. आमच्याच तिसऱ्या फळीवरचा, फक्त नाव वेगळं आणि किंमत जास्त. परत ठेवला. हे लोक ग्राहकाला लुटतात.
शेजारी एक म्हातारे गृहस्थ बुटात पाय घालायला धडपडत होते. दुकानातली मुलगी फोनवर. मी सहज खाली बसलो, शूहॉर्न लावला, नाडी बांधली, अंगठ्यापाशी दाबून पाहिलं. त्यांनी विचारलं, हाच काळ्यात आहे का? मी उठून आत शोधायला निघालो होतो.
वसुंधरा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१ ऑक्टोबर.
परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख काल होती असं कळलं. बरंच झालं. घाईत दिलेली परीक्षा काय कामाची! पुस्तक पान ४१ वर. ऑगस्टातही तिथंच होतं, पण आता ते पान अगदी पक्कं झालंय.

१२ ऑक्टोबर.
वसुंधरा : तिकिटाचं काय? म्हटलं, रजा मंजूर व्हायची आहे. ट्रेसी काय म्हणाली? म्हटलं, विचार चालू आहे. कोणाचा विचार, ते तिनं विचारलं नाही.
एकतीस भेटींपैकी दोन झाल्या होत्या. चॉकलेटं. मुग्धानं खाल्ली. म्हणजे शून्य.

२७ ऑक्टोबर, लेबर डे.
सेल. कोरियन बस एकच. त्यांच्याकडे पैशाचं काहीतरी बिघडलंय म्हणे.
दुपारी वसुंधरा स्वतः दुकानात आली. तिसऱ्या फळीवरचा जोड काढून माझ्या हातात ठेवला. म्हटलं, खोकं फेकलं तरी तळव्यावर नाव राहतंच. ती म्हणाली, त्यांना बूट हवेत, तळवा वाचायला नकोय. आणि ड्यूटीला निघून गेली. जोड जागेवर ठेवला, फळी पुसली.

९ नोव्हेंबर.
कांचनला पाठवायच्या पत्राचा तिसरा खर्डा. 'हॉस्पिटलात स्टाफ कमी. रजा नाकारली. नाइलाज आहे. नानांना समजाव.' टपालात टाकलं.
वाईट वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही. डेअरीतून दूध आणलं. पाऊस. जेवलो, झोपलो.

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी सात.
मिरजेला फोन केला. तिथं पंगत बसायची वेळ, मागे ताटांचा आवाज. कांचननं घेतला. हळू आवाजात म्हणाली, पत्र परवा आलं, नानांना दिलेलंच नाही. सकाळपासून त्यांचे डोळे दाराकडे लागलेत. मग त्यांनाच फोन दिला.
नाना रागावले नाहीत. बूट मिळाले का, एवढंच विचारलं. म्हटलं, शोध चालू आहे. तर म्हणाले, शोधतोस कसला रे, तुझ्याच दुकानातले आण की.
मी म्हटलं, लाईन खराब आहे.
लाईन चांगली होती. नानांनीच सांगितलं : मुग्धानं त्यांना दोन वर्षांपूर्वीच फोनवर सांगितलंय, बाबा शूज विकतो, हीज रिअली गुड. अर्ध्या मिरजेला सांगून झालंय म्हणाले, गुरूकडून जपानची माणसं बूट नेतात. म्हणून तर बूट मागितले. नाहीतर जन्मभर चपला घातलेल्या माणसाला बूट कशाला?
मग म्हणाले, पण ते माप आता चालायचं नाही. पाय सुजतात.
मी विचारलं, कधीपासून? दीड महिना. दाबल्यावर खड्डा पडतो का? जिना चढताना दम? रात्री उशा किती लागतात? नाना एकदम कंपाउंडरच्या आवाजात एकेक उत्तर देत गेले. खड्डा पडतो, डॉक्टर. दम लागतो. उशा तीन.
ही हृदयाची लक्षणं. ओरडलो मी. मिरजेत पावलोपावली डॉक्टर, एकालाही दाखवलं नाही? नाना म्हणाले, तू येणारच होतास. म्हटलं तुलाच दाखवावं.
उद्या सकाळी कांचन त्यांना दवाखान्यात घेऊन जाणार. तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं. फोन ठेवला. वसुंधरानं चहा दिला, तो गार झाला. माझं चुकलं. हे आधीही ठाऊक होतं, लिहिलं नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
दुकान. एकही बस नाही. तिसऱ्या फळीवरचा सात नंबर कागदावर ठेवून पाहिला. बरोब्बर बसला, ऑगस्टातल्या पायाला.
ट्रेसीनं विचारलं, कोणाचा पाय? म्हटलं, वडिलांचा. ती म्हणाली, घेऊन ये ना त्यांना, नीट माप घेऊ. म्हटलं, ते इंडियात असतात. ती म्हणाली, मग तू जा, इथं कोण येतंय सध्या! रजा किती हवी? तीन आठवडे? स्वीट ॲज, म्हणजे खुशाल जा.
अर्धं मिनिट लागलं. अडीच वर्षांत मी तिच्याकडे एकदाही रजा मागितली नव्हती.
सीट बुधवारची मिळाली. भेटी नाहीत, चॉकलेटंही नाहीत. स्टेथोस्कोप सापडला, मुग्धाच्या खेळण्यांत होता. सात, आठ आणि नऊ, तिन्ही नंबरांचे रुंद बूट घेतले. शिवाय पायाचं माप घ्यायची लोखंडी पट्टी. ट्रेसी म्हणाली, पट्टी दुकानाची आहे, परत आणायची, वहीत सही कर.
सही केली. नावापुढे हुद्द्याचा रकाना होता. 'सेल्स' लिहिलं.