बुकिंगमध्ये बदल झाला आहे

थेस्सालोनिकी, मंगळवार

प्रिय लाझारोस,

हे पत्र तुला स्टुटगार्टच्या बसचा ड्रायव्हर आणून देईल. सोबत चेरीच्या मुरंब्याची बरणी आहे, ती उभीच धर, झाकण माझ्याने घट्ट लागलेलं नाही. फोन का नाही केलास, असं विचारशील. फोन केला की तू म्हणतोस, "आई, मी कामात आहे", मग मला रडू फुटतं आणि सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय आपलं घर तुला ठाऊक आहे. स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी बाल्कनीत ऐकू जातं. खरं सांगायचं तर जे सांगायचंय ते कालपर्यंत माझं मलाच उमगलेलं नव्हतं. त्या गाडीच्या बुकिंगने गेले पाच दिवस माझी अशी भंबेरी उडवली आहे की काल मी साखरेच्या डब्यात मीठ ओतलं, आणि बाबांनी ती कॉफी चकार शब्द न काढता संपवली. एरवी चमचाभर साखर कमी पडली तर अख्ख्या गल्लीला कळतं. म्हणून क्रमाने लिहिते, तूही क्रमाने वाच, शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी.

तुझा निरोप आला, "पुढच्या आठवड्यात शनिवारी चारच्या विमानाने तिघं येतोय, समुद्रावरचं हॉटेल घेतलंय, विमानतळावर कुणी येऊ नका, रविवारी कॉफीला येऊ." चार वर्षांनी माझा मुलगा घरी येतोय आणि तो पाहुण्यासारखा कॉफीला येणार! विमानतळावर येऊ नका म्हणजे काय रे? आपल्याकडे कुणाची दूरची मावशी आली तरी आठ माणसं कठड्याला लटकून उभी असतात. पण मी ठरवलं, वाद घालायचा नाही. निदान माझ्या हातची एक गोष्ट तरी तुमच्या वाट्याला यावी म्हणून म्हटलं, गाडी मी ठरवते. टॅक्सी नको, हे मला लगेच कळलं. रांगेतले निम्मे टॅक्सीवाले बाबांचे चेले. कुणीही निघाला असता तरी विमानतळापासून हॉटेलपर्यंत तुला बापाशी कसं वागावं याचं व्याख्यान ऐकावं लागलं असतं, आणि वर दहा मिनिटांत सगळी बातमी बाबांकडे. म्हणून मी ती काळी व्हॅन ठरवायची म्हटलं, जिचा ड्रायव्हर नावाची पाटी धरून उभा राहतो. बाबांच्या चौतीस वर्षांच्या टॅक्सीला एवढा मोठा दगा मी आजवर दिलेला नाही. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर गाडी विकली तरी त्या व्हॅन दिसल्या की त्यांचं आजही सुरू होतं, "हे बघ, आले नवरदेव! सुटाबुटात बॅगा उचलतात, पण शहरातला एक चढ माहीत असेल तर शपथ!" तेव्हा गुरुवारी ते कॉफीहाऊसला गेल्यावर मी चष्मा लावला आणि फोन घेऊन बसले.

आणि बसले ती बसलेच. मला वाटलं होतं, गाडी हवी, एवढं सांगितलं की झालं. पण त्या फॉर्मने मला जे जे विचारलं त्यातलं एकही मला धड सांगता येईना. सामान किती? मला काय माहीत, तुम्ही चार दिवस राहणार की चौदा, तू लिहिलंयस कुठे? मूल किती किलोचं, म्हणजे कोणती खुर्ची बसवायची? अरे, ज्या मुलाला मी एकदाही उचलून घेतलेलं नाही त्याचं वजन मी कुठून सांगू? फोटो काढून बघत बसले. शेवटी शेजारच्या नातवाच्या अंदाजाने सतरा किलो लिहिलं आणि मला इतकं वाईट वाटलं की उठून तोंड धुऊन आले. उतरायचा पत्ता म्हणून हॉटेल लिहायला गेले तर बोटांनी आपोआप आपला पत्ता लिहिला. चूक नव्हती ती. मुद्दाम केलं, आज कबूल करते. मग आलं, पाटीवर कोणतं नाव हवं? मला वाटलं, मोठ्यांचं कशाला, पोरगं आपलं नाव पाटीवर बघून हरखेल. आणि मी लिहून मोकळी झाले, छोटा प्रोद्रोमोस.

तू ते वाचून काय म्हणाला असशील याची मला कल्पना आहे. पण माझं ऐक. मला एमिलचं नाव माहीत नाही असं का वाटतं तुला? गच्चीवर कपडे वाळत घालायच्या निमित्ताने तुझ्याशी आणि त्याच्याशी बोलते तेव्हा एमिल, एमिल म्हणूनच जीव टाकते ना? पण जिना उतरून खाली आले की इथे वेगळंच जग. इथे कुणी नाव विचारतच नाही रे. मुलाला मुलगा झाला म्हणजे त्याला आजोबांचं, म्हणजे बाबांचंच नाव, त्यात विचारायचं काय? बेकरीवाली विचारते, "छोटा प्रोद्रोमोस कसा आहे?" मी म्हणते, "छान आहे." कॉफीहाऊसमध्ये बाबांना विचारतात, "काय, छोटा प्रोद्रोमोस बोलायला लागला का?" आणि ते म्हणतात, "कधीचाच." चार वर्षं आम्ही दोघं ते नाव असं चालवत आलोय. तेच बोटांतून उतरलं. तुला डिवचायचं माझ्या मनातही नव्हतं.

तुझ्या स्वेन्याचे वडील ती गरोदर असतानाच गेले, म्हणून पोराला त्यांचं नाव ठेवलं, हे मी तू नाव कळवलंस त्या दिवशीही बाबांना समजावलं होतं. तेव्हा ते काय म्हणाले ते तुला कधी सांगितलं नाही. तू फक्त त्यांचा फोनवरचा आरडाओरडा ऐकलास. ते म्हणाले, "तो गेला म्हणून त्याला नाव मिळालं. मी अजून जिवंत आहे, हाच माझा गुन्हा का?" मला हसावं की रडावं कळेना. त्यानंतर त्यांनी एमिल हे नाव कधी तोंडातून काढलं नाही. काढा म्हणायची माझी छाती झाली नाही.

तर शुक्रवारी संध्याकाळी फोनवर निरोप, "आपल्या बुकिंगमध्ये बदल झाला आहे." पाटीवर फक्त लाझारोस, पत्ता हॉटेलचा. मी कंपनीला फोन लावला. तिथे लुकिया नावाची बाई आहे, गोड आहे, पण त्या दिवशी मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, "मला न विचारता माझी गाडी भलतीकडे कशी पाठवता?" ती म्हणाली, "मॅडम, आम्ही नाही, प्रवाशाने बदललंय. तुम्हीच त्यांचा ईमेल दिला होतात, दोघांनाही बदल करता येतो." म्हणजे तू माझं सगळं वाचलं होतंस आणि मला एक शब्द न लिहिता खोडून टाकलं होतंस. शनिवारी दिवसभर मला जेवण गेलं नाही. बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "ॲसिडिटी."

रविवारी प्रार्थनेहून आले, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. पुन्हा तेच, बदल झाला आहे. पहिली ओळ वाचली, उतरण्याचा पत्ता, आणि आपली गल्ली, आपला नंबर! पुढचं वाचायला थांबले नाही. म्हटलं, विरघळला माझा लेक. सोमवारी सकाळी पहिली बाजारात गेले, कोकराची मांडी आणली, भात भरून गुंडाळायला द्राक्षाची कोवळी पानं आणली, तुझ्या खोलीतल्या गाद्या उन्हात टाकल्या. बाबा माझ्यामागे गाद्या धरायला आले. कुणासाठी, हेही त्यांनी विचारलं नाही. तेही मला विचित्र वाटलं नाही, एवढी मी खुळावले होते. आणि दुपारी पुन्हा फोन वाजला. पत्ता हॉटेलचा. आणि खाली, ड्रायव्हरसाठी सूचना लिहायच्या रकान्यात तुझे दोन शब्द, "आई, पुरे."

खोटं सांगत नाही, मी तशीच खुर्चीत बसले. पुरे काय? मी काय केलं? तूच रविवारी घरचा पत्ता घातलास आणि सोमवारी मलाच बोल लावतोस? मला वाटलं, माझं डोकं फिरलं की तुझं. बाबा कॉफीहाऊसला गेलेले होते, तेवढ्यात पुन्हा लुकियाला फोन. तिने सगळं उघडून बघितलं आणि म्हणाली, "काकू, रागावू नका, पण रविवारचा बदल तुमच्याच फोनवरून झालाय. सकाळी दहा वीसला." मी म्हटलं, "बाई, दहा वीसला मी चर्चमध्ये मेणबत्ती लावत होते!" ती म्हणाली, "मग घरात अजून कुणी आहे का?" मी म्हटलं, "आहे, पण ते तुमच्या गाड्यांकडे बघून तोंड फिरवतात." आणि हे बोलताबोलताच मला शंका आली. तिला म्हटलं, "रविवारचं सगळं मला वाचून दाखव, पहिल्या ओळीपासून."

तिने वाचलं. तू ते घाईत नीट वाचलं नसशील, किंवा माझंच म्हणून वाचलं असशील, म्हणून इथे उतरवते. "शनिवारी दुपारी रिंगरोडने येऊ नये, मॅच आहे. समुद्राकडून यावे, हॉस्पिटलच्या मागून वर चढावे. चढावर दुसऱ्या गिअरमध्येच राहावे, उगाच जोर करू नये. मूल चार वर्षांचे आहे, वळणावर त्याला मळमळते. त्याच्या बापालाही मळमळायचे. खिडकीशी बसवावे. गाडी आमच्या गल्लीत शिरणार नाही, कॉफीहाऊससमोर जुन्या पाणपोईपाशी थांबावे. बॅगा घ्यायला मी तिथे उभा असेन." सांग आता, दुसरा गिअर आणि पहिला गिअर यातलं मला काय कळतं? आणि एमिलला गाडीत मळमळतं हे तू मला गच्चीवर असताना सांगितलं होतंस. म्हणजे माझी चार वर्षांची सगळी चोरटी बोलणी खाली बाल्कनीत ऐकू जात होती, आणि हा माणूस एकदाही खोकला नाही. मग लुकिया म्हणाली, "आणि काकू, पाटीवरचं नावही बदललं होतं. एमिल." मी तिला ते पुन्हा वाचायला लावलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी, एका बोटाने, एक एक अक्षर शोधून त्यांनी ते लिहिलं असेल, लाझारोस. तीच पाटी घेऊन कॉफीहाऊससमोर, सगळ्यांच्या देखत उतरला असता पोरगा.

म्हणून हे पत्र. ते दोन शब्द तू मला लिहिलेस, पण वाचले त्यांनी. काल मी फोन टेबलावर तसाच टाकून गादीवर पडले होते. उठले तर म्हणाले, "तुझ्या मुलाने तुला काहीतरी लिहिलंय," आणि बाल्कनीत जाऊन बसले. मला कळलंय हे त्यांना कळलेलं नाही, आणि मीही कळू दिलेलं नाही. चार वर्षं तुमच्या दोघांच्या मधे उभं राहून मी दोघांचंही ऐकून घेतलं, त्याचं मला काही नाही. पण रविवारचा तो बदल माझ्या नावावर नको. तो त्यांचा आहे. मला राग आलाय तुझा, आणि त्यांचाही, आणि तुम्हा दोघांवर जीवही तेवढाच आहे, आता यातून काय ते तू काढ. लुकिया म्हणाली, शुक्रवारी दुपारी चारपर्यंत बदल करता येतो. मी काही बदलणार नाही, शब्द देते. पण तू काही बदललंस, तर मला लिहू नकोस, सूचनांच्या रकान्यात त्यांना लिही. रोज सकाळी साडेआठला मी पाव आणायला बाहेर पडते. काम दहा मिनिटांचं आहे, पण आता मी तासभर लावते, आणि फोन स्वयंपाकघरात ठेवून जाते.

तुझीच,
आई